अर्ध्यावर उठलेले काका

कर्वेनगरला मी ज्यांच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहत होते, त्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात मला दोन नियम सांगितले. दुपारचं जेवण झाल्यापासून चहाची वेळ होईपर्यंत घरात मिक्सर, फोन आणि तोंड यांपैकी काहीही चालवायचं नाही. आणि घराबाहेर पडताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं.

पहिला नियम मी निमूट पाळला. दुसऱ्यावरून मात्र आमची रोज झकाझकी. मी चंद्रपूरकडची. आमच्याकडेही "येतो"च म्हणतात, पण माझ्या तोंडाला ते वळण कधी लागलंच नाही. सकाळी कॉलेजला उशीर झालेला असायचा, मी चप्पल अडकवता अडकवता "काकू, जाते!" असं ओरडायचे आणि जिन्याच्या वळणावर पोचायच्या आत वरून आवाज यायचा, "कायमची का?" मग परत वर जायचं, दारात उभं राहायचं, "येते" म्हणायचं, आणि आतून "या" असं ऐकल्यावर सुटायचं. एकदा वैतागून मी विचारलंच, की तुम्ही स्वतः कधीच कुणाला "जा" म्हणाला नाहीत का?

"दारावर आलेल्या सेल्समनलासुद्धा मी 'या' म्हणते," काकू म्हणाल्या. "आणि दार लावते."

घरात काकू, काका आणि मी. मुलगी विश्रांतवाडीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती रविवारी यायची. काकांना पार्किन्सन्स होता. उजवा हात सतत थरथरायचा, पण हाताचं फार काही वाटायचं नाही. खरं घोडं अडायचं ते पायांपाशी. चालता चालता काका मध्येच गोठायचे. विशेषतः दारात. उंबरा समोर आला की पाय फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे आणि ते तिथेच उभे राहायचे, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी हॉलभर फरशीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवून दिल्या होत्या. सपाट फरशीवर अडणारं पाऊल पट्टी दिसली की ती ओलांडायला उचललं जातं. का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही. आणि दारात अडले की काकू त्यांच्या समोर थोड्या लांब उभ्या राहायच्या, दोन्ही हात पुढे करायच्या, लहान मुलाला करतात तसे, आणि म्हणायच्या, "या. या इकडे." काका यायचे. मी "या" म्हटल्यावर कधी आले नाहीत.

माझं शेवटचं वर्ष होतं. प्रोजेक्ट म्हणून मी स्टॉप मोशन करत होते. एखादी वस्तू किंचित हलवायची, फोटो काढायचा, परत किंचित हलवायची, परत फोटो. सगळे फोटो भराभर एकामागोमाग दाखवले की ती वस्तू आपली आपण हलते. मी तारेच्या सांगाड्यावर मातीचा एक छत्रीवाला माणूस केला होता. एप्रिलच्या उकाड्यात दुपारपर्यंत त्याचं नाक ओघळायचं. आमच्या सरांनी पहिले तुकडे पाहिले, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "हलतंय. पण जगत नाहीये." मी आठवडाभर त्यांच्यावर आणि त्या छत्रीवाल्यावर सारखीच चिडून होते.

माझ्या खोलीखाली सोसायटीचा पाण्याचा पंप होता, त्यानं फरशी थरथरायची आणि फोटो हलायचे. म्हणून मी दुपारी हॉलमध्ये शूटिंग करायचे. काकू झोपलेल्या, सोसायटी चिडीचूप, पडदे ओढून घेतलेले, एकच ट्यूबलाइट. एका दुपारी काका बेडरूममधून बाहेर आले आणि नेमके माझ्या चित्राच्या चौकटीत येऊन गोठले. मी बराच वेळ दम धरला. त्या घरात दुपारी तोंड उघडायचं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

"माझं सिग्नलवर उभं राहणं चाललंय," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा आवाजही आता बारीक झाला होता. मग मातीच्या माणसाकडे बघून म्हणाले, "त्या तुझ्या बाहुलीपेक्षा मी चांगला थांबतो. माझे काढ की."

मी काढले. ते एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीपर्यंत आले, की एक पाऊल, एक फोटो. अडले, की मी थांबायचे. नंतर लॅपटॉपवर ते सगळे फोटो एकामागोमाग चालवले, अडलेला वेळ त्यांत आलाच नव्हता. पडद्यावर काका हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर आले, कुठेही न अडता.

ते पाहून मला आधी आनंद झाला आणि लगेच अंगावर काटा आला. तो निरोगी माणूस वाटत नव्हता, पण आजारीही वाटत नव्हता. चेहरा तसाच दगडी, नजर समोर, आणि पाय स्वतंत्रपणे चाललेले. जणू काका जागेवरच होते आणि घर त्यांच्या खालून सरकत होतं. काकांनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी म्हणाले, "चांगला चालतोय की हा. कोण आहे?"

काकूंना चहाच्या वेळी आम्ही ते दाखवलं. त्यांनी एकदाच पाहिलं. "माणसाचं भूत केलंत," असं म्हणून त्या कप घेऊन आत गेल्या.

तरी छत्रीवाला कपाटात गेला आणि काकांची फिल्म सुरू झाली. गोष्ट काकांनीच ठरवली. बाहेरचं दार उघडतं, ते आत येतात, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसतात, बाहेर बघतात, मग उठतात आणि दारातून फिरायला जातात. एकटे. एवढंच. कित्येक वर्षांत ते एकटे बाहेर पडले नव्हते. "मला तेवढं बघायचंय," ते म्हणाले. "कुणी हात न धरता गेलेला." आईला मी फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "काय बाप्पा, एवढी फी भरून तू तिथं म्हाताऱ्या माणसाचे फोटू काढून राहिली?" मी फोन ठेवून दिला. तिला काय सांगणार होते?

स्टॉप मोशनमध्ये सगळ्यात मोठा धर्म एकच, जागा न हलवण्याचा. ट्रायपॉडचे पाय फरशीवर जिथे टेकले तिथे मी निळी टेप लावली. खुर्चीच्या चारही पायांभोवती निळी टेप लावली. केर काढणाऱ्या मावशींना, काकूंना, रविवारी येणाऱ्या मुलीला सगळ्यांना बजावलं, की खुर्चीला हात लावायचा नाही. काकू म्हणाल्या, "माझ्याच घरात मला सोवळं," पण पाळलं त्यांनी. पिवळ्या पट्ट्या काकांच्या आणि निळ्या माझ्या. हॉल शाळेच्या मैदानासारखा दिसायला लागला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पहिल्याच प्रसंगाला, काका दारातून आत येतात त्याला. मी दार थोडं थोडं उघडत फोटो घेतले आणि काका उंबऱ्यावर येऊन जे अडले, ते अडलेच. काकू झोपलेल्या होत्या. समोर उभं राहून "या" म्हणणारं कुणी नव्हतं. मी म्हणून पाहिलं, काही झालं नाही. नुसतं बघत उभं राहणं त्यांना लाजिरवाणं वाटेल म्हणून मी काम चालू असल्यासारखी बटण दाबत राहिले. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या काकांचे ढीगभर फोटो झाले. सगळे सारखे, फक्त उजव्या हाताच्या जागी प्रत्येकात वेगळा धूसर डाग. केव्हातरी पाऊल सुटलं आणि ते आत आले.

पुढचं सोपं गेलं. ते चालत आले, वळले, खुर्चीत हळूहळू टेकले, खिडकीकडे पाहिलं. मग उठायचा प्रसंग आला. त्या दुपारी त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अंग थोडं वर उचललं आणि तिथेच अडकले. धड बसलेले नाहीत, धड उभे नाहीत. मी बटण दाबलं. त्यांचे दंड थरथरायला लागले आणि ते परत खाली बसले. थकले होते.

"राहू द्या," मी म्हटलं. "उद्या इथूनच पुढे."

"हो. तोवर मला असाच ठेव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ताप होता. खोकला होताच, तो छातीत उतरला. हॉस्पिटलमध्ये नेताना दारात ते अडले नाहीत, कारण त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. ते तिकडेच गेले. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले. या आजारात असं होतं.

मला त्यांचा मृत्यू कळला आणि नीट समजायच्या आत घर माणसांनी भरलं. सतरंज्या आल्या, शेजाऱ्यांकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. कॅमेरा मी केव्हाच काढून खोलीत नेला होता, पण ट्रायपॉड कोपऱ्यात निळ्या खुणांवर तसाच होता. कुणीतरी त्याच्यावर टॉवेल टाकला. मी वेताची खुर्ची बाजूला घ्यायला गेले तर काकू म्हणाल्या, "राहू दे. तुझी खूण आहे ना तिथे." तेवढ्या गर्दीत, लोक भिंतीला टेकून उभे होते तरी, त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. कुणी बसू नका असं सांगितलेलंही नव्हतं.

दुपारी मात्र ती खुर्ची वाजायची. वेत करकरतो, सगळ्यांना माहीत आहे. बसलेला माणूस उठला की करकरतो, ऊन तापलं तरी करकरतो. पण ती वाजायची ती आम्ही शूटिंग करायचो त्या वेळेला, घर शांत झाल्यावर. एकदा लहानसा आवाज, उठायला जोर दिल्यासारखा. मग काही नाही. खाली बसल्याचा आवाज यायचा नाही. मी माझ्या खोलीत उशी कानावर घेऊन पडायचे. मला भीती वाटत होती, साधी, लहानपणी वाटायची तशी.

दहाव्याला मीही घाटावर गेले. पुतण्यानं सगळे विधी केले, पिंड ठेवला आणि आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. कावळे होते. भिंतीवर ओळीनं बसले होते. त्यांतला एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि मान वाकडी करून आमच्याकडे बघत राहिला. शिवेना. मग जे सगळे करतात ते सुरू झालं. गेलेल्याची कुठली इच्छा राहिली असेल ती पुरी करू, असा शब्द द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो. पुतण्या पुढे जाऊन हात जोडून म्हणाला, काकूंची काळजी घेऊ. कावळा हलला नाही. मुलगी म्हणाली, बाबा, आईला एकटीला ठेवणार नाही. जावई म्हणाले, घर विकणार नाही. कावळा उडून परत भिंतीवर गेला. आमच्यामागे दुसऱ्या घरची माणसं त्यांच्या पिंडासह ताटकळत होती.

"हल्ली कावळ्यांचं काही खरं नाही," गुरुजी म्हणाले. "त्यांना फरसाणाची सवय लागलीये." आणि त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तेही शास्त्रात बसतं. काकू परतताना रिक्षात माझ्या शेजारी बसल्या होत्या, घरी येईपर्यंत त्यांची नजर पुढच्या सीटच्या पाठीवरून हलली नाही. मुलीनं समजावलं, की आई, तो पक्षी आहे, भूक नसेल त्याला. "एवढ्या सगळ्यांची भूक एकदम मेली?" असं काकू म्हणाल्या आणि तो विषय त्यांनी बंद केला. विषय बंद झाला, पण त्या दुपारी झोपेनाशा झाल्या. पलंगावर बसून राहायच्या. त्यांनाही खुर्ची ऐकू येत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तेरावा झाला, माणसं गेली. मुलीनं विश्रांतवाडीला चल म्हणून खूप आग्रह केला. काकू म्हणाल्या, "यांचं इथलं आटोपल्याशिवाय नाही." म्हणजे काय, ते मुलीला कळलं नाही आणि मलाही नाही.

माझं सबमिशन तोंडावर आलं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मला त्याचीही काळजी होती. मी विचार केला, की काका उठताना शेवटच्या फोटोपर्यंत दाखवायचे आणि मग नुसती रिकामी खुर्ची दाखवायची. तेवढे फोटो घेऊन कॅमेरा कॉलेजला परत करावा. एका दुपारी मी ट्रायपॉडवरचा टॉवेल काढला, कॅमेरा बसवला, लॅपटॉप जोडला.

या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, तिला ऑनियन स्किन म्हणतात. शेवटी काढलेला फोटो ते पुसट करून, कॅमेऱ्याला आत्ता समोर जे दिसतंय त्याच्यावर पसरतं. म्हणजे बाहुली आधी कुठे होती ते दिसतं आणि पुढे किती हलवायची ते कळतं. मी रोज वापरायचे. त्या दुपारी ती बंद करायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

लॅपटॉपचा पडदा उजळला. समोरची रिकामी खुर्ची दिसली, आत्ताची, तिच्यामागे खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता. आणि त्या खुर्चीत काका होते. कंदिलाच्या काचेवरच्या काजळीइतके पुसट. हात खुर्चीच्या हातांवर, अंग अर्धं उचललेलं. त्यांच्या छातीतून मागचा पडदा हलताना दिसत होता.

हे का दिसतंय ते मला माहीत होतं. तरी मी लॅपटॉपवरून मान उचलून खऱ्या खुर्चीकडे बघितलं.

आणि मग मला दुसरी गोष्ट दिसली. पुसट खुर्ची आणि खरी खुर्ची एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्या होत्या. बसत नव्हत्या. खरी खुर्ची नखभर फिरलेली होती, दाराच्या दिशेनं. मी उठून खाली पाहिलं. एक पाय निळ्या टेपवर चढला होता. इतक्या माणसांची ये-जा झाली, कुणाचा तरी पाय लागला असेल. मी स्वतःला हेच सांगत होते, तेवढ्यात माझ्या मागे काकूंचा श्वास ऐकू आला. त्या केव्हा आल्या कळलं नाही.

त्या लॅपटॉपकडे बघत होत्या. घाबरल्या नव्हत्या. हरवलेली किल्ली सापडावी तसा चेहरा होता.

"हे अर्धे उठलेत," त्या म्हणाल्या.

"काकू, हा जुना फोटो आहे. याच्यात एक सोय असते..."

"मला नको सांगूस सोय. रोज दुपारी मी ऐकते. उठतात, पण पुढचं काही नाही." त्या सतरंजीवर बसल्या. "तू म्हणालीस ना त्यांना, उद्या इथूनच? मी आत जागीच होते. ते शब्दाचे पक्के. सांगितलं थांबा, की थांबणार. कावळा कसा शिवेल? आम्ही सगळे भलतंच कबूल करत बसलो होतो."

मला हसू आलं नाही. मी पुण्यात शिकलेली, कॉलेजात बसून अंधश्रद्धेवर तावातावानं बोलणारी मुलगी, मला त्या क्षणी त्यांचं म्हणणं सरळ हिशेबासारखं पटलं. काकांना जायचं होतं. मी त्यांना अर्ध्यावर ठेवलं होतं.

"पुरं कर ते," काकू म्हणाल्या.

"कसं करू? पुढचे फोटोच नाहीत. ते उठलेले नाहीत, दाराकडे गेलेले नाहीत. आलेले आहेत फक्त."

"मग आलेले उलटे लाव."

त्या सहज बोलून गेल्या, स्वेटर उसवून परत विणायला सांगावं तशा. मी मनातल्या मनात लावून पाहिलं. काका खुर्चीत टेकताना जे फोटो होते, ते उलट्या क्रमानं लावले तर काका खुर्चीतून उठणार होते. चालत आलेले फोटो उलटे लावले तर ते मागे मागे दाराकडे जाणार होते. आणि दार उघडलेलं उलटं लावलं तर ते बंद होणार होतं.

मी चार दुपारी बसून ते केलं. अर्ध्या उठलेल्या त्या फोटोला जुळेल असा बसतानाचा एक फोटो शोधला. जवळजवळ तसाच एक होता, मान तेवढी जराशी वेगळी. तिथे सांधा दिला. सुरुवातीला येताना उंबऱ्यावर अडल्याचे सगळे फोटो मी ठरल्याप्रमाणे काढून टाकले होते. शेवटच्या उलट्या भागातून ते काढायला मात्र माझा हात झाला नाही. राहू दिले.

काकूंनी मुलीला बोलावलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी स्वच्छ साडी नेसली, हॉलचे पडदे ओढले आणि आम्ही दोघी दिवाणावर बसलो. लॅपटॉप समोरच्या टीपॉयवर होता. त्याच्या मागे, थोडं लांब, खरं दार होतं, कडी लावलेलं. खुर्ची आमच्या पाठीमागे खिडकीपाशी राहिली.

दार उघडलं. काका आत आले, भराभर, कुठेही न थांबता. वळले, बसले. खिडकीकडे पाहिलं. मग हातांवर जोर देऊन अर्धे उठले. सांध्यापाशी मान किंचित झटका बसल्यासारखी वळली, सरळ आमच्याकडे, आणि ते पूर्ण उभे राहिले. काकूंनी माझं मनगट धरलं.

ते जायला लागले. पाठ न फिरवता, देवाच्या गाभाऱ्यातून निघतात तसे, तोंड आमच्याकडे ठेवून, एकेक पिवळी पट्टी मागे ओलांडत. लहान लहान होत उंबऱ्यापर्यंत गेले. आणि थांबले.

तिथे ते थांबणार हे मला माहीत होतं. पण इतका वेळ? मी ते फोटो स्वतः लावले होते, काही क्षणांचा तो तुकडा होता. पडद्यावर काका उभेच होते. बाकी सगळं स्थिर, फक्त उजवा हात थरथरत होता. ते बघत होते. कॅमेऱ्याकडे बघत होते, एवढंच ते असणार. पण कॅमेऱ्याच्या जागी आता आम्ही दोघी होतो. मला वाटलं लॅपटॉप अडकला. हात पुढे करायला गेले, तर मनगट सुटेना.

काकूंचा दुसरा हात मांडीवरून उचलला गेला. पुढे झाला, रोजच्यासारखा, बोटं उघडी. ओठ हलले. मला कळलं त्या काय म्हणणार ते. इतकी वर्षं दारात अडलेल्या या माणसाला त्या जे म्हणत आल्या तेच.

त्यांनी तो हात मागे घेतला. पदरात धरून ठेवला.

"जा," त्या म्हणाल्या. आवाज फुटला नाही नीट, म्हणून परत म्हणाल्या, "जा तुम्ही आता. मी आहे इथे."

काका उंबऱ्यामागे गेले. दार हळूहळू लागलं.

आमच्या पाठीमागे खुर्ची एकदा करकरली. आम्ही दोघींनीही वळून पाहिलं नाही. मी रडत होते, काकू नव्हत्या.

ते फोटो ओळीनं लावलेले होते. काकू बोलल्या नसत्या तरी दार लागलंच असतं. मी स्वतः केलेलं काम आहे, मला माहीत आहे. पुढे खुर्ची वाजल्याचं मी ऐकलं नाही. जून लागला होता, हवा दमट झाली होती, वेत सैलावला असेल. काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर बसून निळी टेप नखानं खरवडून काढली, खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली आणि मुलीला फोन करून सांगितलं, की गाडी घेऊन ये, चार दिवस राहायला येते. पिवळ्या पट्ट्या तशाच ठेवल्या.

"ते परत लावू नकोस," निघताना त्या मला म्हणाल्या. "कॉलेजातही नाही."

मी का म्हणून विचारलं नाही. ती फिल्म काका घरात येतात तिथून सुरू होते. प्रत्येक वेळी लावली की आधी ते येणार, आणि मग त्यांना घालवायला तिथे कोण असणार?

सबमिशनला मी छत्रीवाला दिला. सर म्हणाले, "हलतंय, पण जगत नाहीये. मी तुला आधीच सांगितलं होतं." मी म्हटलं, बरं सर. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात कमी मार्क मला पडले आणि त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी जेवले नाही धड.

आता मी दुसरीकडे राहते, नोकरी करते. काकू मजेत आहेत, उन्हाळ्यात मार्केट यार्डातून पेटीभर आंबे आणते मी त्यांच्यासाठी, आणि निघताना चुकून "जाते" म्हटलं तर अजून दारातून परत बोलावतात. ती फाइल माझ्या हार्ड डिस्कमध्ये आहे. किती तरी वेळा पुसून टाकायला घेतली. पण घाईत तिला नाव द्यायचं राहून गेलंय, आणि तशाच बिननावाच्या फाइली शेजारी आणखी आहेत. पुसायच्या आधी तीच आहे ना, हे उघडून बघावं लागेल. आणि उघडली, की पहिल्यांदा ते दार उघडेल.